अंगणात आखलेलं घर

भालकीला पोस्टामागच्या गल्लीत एका सकाळी उमादेवी जुन्या साड्या पिळून अंगणात अंथरायला लागली, तेव्हा शेजारच्या ईरम्माला वाटलं की घर सोडायच्या दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. जाणारी माणसं भांडी बांधतात, गाद्या गुंडाळतात, पोत्यांची तोंडं शिवतात. ही बाई बांधलेलं गाठोडं सोडून त्यातल्या साड्या धुळीत घालत होती.

"उमक्का, हे काय करायलीस गं?"

"घर बांधायले."

"घर तर बिदरला बघितलंय म्हणालीस की."

"व्हय. ते तिकडं हायच. तसंच हितं बांधायले."

ईरम्मानं हे उत्तर चहा व्हायच्या आत चार घरी पोचवलं. तिला दोष देता येत नाही. एकतीस वर्षांचा शेजार होता, आणि शेजारणीला वेड लागलं तर ते आधी आपल्याकडून कळावं असं कुणालाही वाटेल.

वेडबिड काही नव्हतं. उमादेवीचा नवरा सोमशेखर आंधळा होता आणि पंधरा दिवसांनी त्याला नव्या घरात जायचं होतं, एवढीच गोष्ट. पण एवढ्याच गोष्टीसाठी पंधरा दिवस अंगणात राबणारी माणसं कमी असतात, म्हणून तिच्याबद्दल सांगायचं.

उमादेवी बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनीस म्हणजे खिचडी शिजवायची, नाकं पुसायची आणि घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड. तीन वर्षांचं पोर पहिल्या दिवशी अंगणवाडीच्या दारात पाय रोवून उभं राहतं आणि असा टाहो फोडतं की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघतो. बाई आतून ओरडायच्या, "उमा, उचल आणि आण आत." उमादेवीनं बावीस वर्षांत एकाही पोराला हाताला धरून आत ओढलं नाही. ती आदल्या आठवड्यात त्या पोराच्या अंगणात जायची आणि खडूनं एक मोठा चौकोन काढायची. "ही आपली शाळा. हितं तू बसायचं, हितं ताट ठेवायचं, हितं शू." चार दिवस पोर त्या चौकोनात खेळायचं. पाचव्या दिवशी खऱ्या शाळेत आपल्या पायांनी यायचं आणि नेमकं आपल्या जागेवर जाऊन बसायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सरकारी प्रशिक्षणाला ती चारदा गेली होती, तिथं चहा आणि बिस्किटं चांगली असायची.

सोमशेखर भालकी-उदगीर गाडीवर कंडक्टर होता. त्याचं मूळ गाव आळंद तालुक्यातलं निंबर्गा, घरची बोली कन्नड, गाडीतली मराठी. उमादेवीचं माहेर उदगीरचं. लग्नाआधी ती त्याच्याच गाडीनं येत-जात होती असं गल्लीत सांगतात. दोघंही ते नाकारतात, पण नाकारताना सोमशेखरला हसू आवरत नाही.

त्याचे डोळे काचबिंदूनं नेले. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडावी लागली. डॉक्टर म्हणाले, उजवा गेला, डाव्यात उजेड-अंधार कळेल इतपत राहील. त्या 'इतपत'ला धरून उमादेवीनं संसार पुन्हा लावला. घरातल्या सगळ्या चौकटींना तिनं पांढराशुभ्र चुना दिला, म्हणजे दार कुठं आहे ते त्याला कळावं. मोरीत दिवसासुद्धा बल्ब जळत ठेवला. दर दिवाळीला आणि दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, ती चुन्याचा नवा हात द्यायची आणि ब्रश हातात घेऊनच विचारायची, "दिसायलंय का?"

"व्हय तर. चांगलं कळायलंय की," सोमशेखर म्हणायचा.

आणि खरंच तो त्या घरात असा वावरायचा की नवा पाहुणा आला तर चहा पिऊन होईपर्यंत त्याला पत्ता लागायचा नाही. पाहुण्याला पाण्याचा तांब्या सोमशेखरच आणून द्यायचा. सकाळी अंघोळ करून, विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन तो पूजेला बसायचा आणि उठून आपल्या खुर्चीवर यायचा, भिंतीला हातसुद्धा न लावता. काठी त्यानं घेतली नाही. कुणी दंडाला धरलं तर तो हात असा झटकायचा की धरणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. त्याचं सगळं वैभव ते एवढंच होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी सुधारानी बिदरच्या बाहेर, कोळारच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती. पहिली पाळी सकाळी सहाची, त्यामुळे भालकीहून जाऊन-येऊन करणं शक्यच नव्हतं. वर्षभर ती बिदरला एका मैत्रिणीच्या खोलीत राहिली. रविवारी घरी यायची, आणि दर खेपेला आधीपेक्षा वाळलेली दिसायची. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "अव्वा, मला एकटीला जेवण जाईना. तुम्ही दोघं या की तिकडं." तिनं घरही बघून ठेवलं होतं. कोळारच्या रस्त्याला, खालच्या मजल्यावर, मालक शिवशंकरप्पा वरच्या मजल्यावर राहणारे.

सोमशेखरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही दोघी ऱ्हावा तिथं. मी निंबर्ग्याला जातो, गुरुशांतकडं."

गुरुशांतप्पा हा त्याचा धाकटा भाऊ, गावातली शेती बघणारा. सोमशेखरचा जन्म त्याच घरात झालेला. तिथला दगड न् दगड त्याच्या पायांना पाठ होता.

सुधारानी रडली, रुसली, सोमवारी कामाला निघून गेली. उमादेवीनं मात्र वाद घातला नाही. तिनं दोन दिवस जाऊ दिले आणि तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना विचारलं, "तुम्ही निंबर्ग्याला, सुधा बिदरला. मग मी कुठं?"

"तू सुधाजवळ. पोरीला गरज हाय तुझी."

"आणि तुम्हाला?"

सोमशेखरनं ताटातला हात थांबवला. मग म्हणाला, "तसं न्हाई गं. हितं मी सोमशेखर हाय. नव्या घरात पाय ठेवला की मी आंधळा व्हतो. भिंती चाचपत फिरायचं, मोरीला जायचं तरी कोणाला तरी हाक मारायची, आणि पोरीनं ते बघायचं. मला जमणार न्हाई ते."

त्याचा ताठा उमादेवीला माहीत होता. पण त्या ताठ्याच्या खाली एवढी भीती आहे हे तिला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "मला पंधरा दिवस द्या. मी तुम्हाला ते घर हितंच शिकवते. तिथं तुम्ही तुमच्या पायांनी फिराल."

त्यानं बराच विचार केला आणि अट घातली. "पहिल्या दिवशी मी एकटा, माझ्या पायानं, दारापासून मोरीपर्यंत गेलो, तर ऱ्हाईन. कोणाला हात धरून न्यावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी मला निंबर्ग्याच्या गाडीत बसवायचं. तेव्हा रडायचं न्हाई."

"न्हाई रडणार," उमादेवी म्हणाली. ती तेव्हाच रडत होती. पण आवाज कोरडा ठेवून रडायची सवय तिला होती, आणि त्याला ते दिसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सोमशेखरचे पाय ओले केले आणि त्याला कोरड्या फरशीवर चालायला लावलं. फरशीवर पावलं उमटली. एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत तिनं सुतळी धरली, तेवढ्या अंतरावर गाठ मारली, आणि तशा वीस गाठी मारून सुतळीची गुंडी पिशवीत टाकली. मग बस धरून बिदरला गेली. रिकाम्या घरात ती गुडघ्यांवर रांगत सुतळी लावत होती आणि शिवशंकरप्पा दारात उभे राहून बघत होते. भाड्यानं घर घेणाऱ्या माणसानं नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारायचं असतं, ही बाई गाठी मोजायली, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दारातून आठ गाठी सरळ बाहेरची खोली. पुढं बोळ, पाच गाठींचा. बोळात उजव्या हाताला स्वयंपाकघर, आणि बोळ संपतो तिथं डाव्या हाताला मोरी. आणखी दोनदा जाऊन तिनं तिथल्याही सगळ्या चौकटींना चुन्याचे दोन दोन हात दिले आणि बाहेरच्या खोलीत, दारातून शिरल्यावर उजव्या हाताच्या भिंतीवर, नवी ट्यूब बसवून घेतली. शिवशंकरप्पांना तिनं कारण सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काळजी करू नका अक्का, मी हाय की," ते म्हणाले. पुढं याच प्रेमानं घात केला.

घरी येऊन तिनं अंगणात घर बांधायला घेतलं. खडूच्या रेघा सोमशेखरला कशा कळणार? म्हणून साड्यांचे पीळ, पायाला लागतील असे, कडेनं दगड ठेवून पक्के केलेले. भिंतीच्या जागी पीळ, दाराच्या जागी मोकळी जागा.

अडचण आली ती अंगणाची. बिदरचं घर पूर्वेच्या दारातून आत शिरलं की पश्चिमेकडं लांबत गेलेलं. उमादेवीचं अंगण मात्र दक्षिणोत्तर लांब. आडवं मोजायला गेलं तर सहाव्या पावलाला ईरम्माची भिंत. कंबरेवर हात ठेवून तिनं जरा वेळ विचार केला आणि घरच फिरवलं. दार दक्षिणेला घेतलं, शेवट उत्तरेला. डावं ते डावं राहिलं, उजवं ते उजवं. अंगणवाडीतली पोरं चित्राचा कागद आडवा धरोत की उभा, गाय ती गायच म्हणतात. घर फिरवलंय हे सोमशेखरला सांगावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

रोज सकाळी सात वाजता, पूजा आणि चहा झाला की शिकवणी सुरू. पहिल्या दिवशी सोमशेखर कंटाळल्यासारखा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्यातला कंडक्टर जागा झाला. "असं पाठ व्हत न्हाई," तो म्हणाला. "स्टॉप पाडायला पाहिजेत." मग त्यानं आपल्या गाडीचेच स्टॉप पाडले. बाहेरचं दार म्हणजे भालकी स्टँड. बोळाचं तोंड म्हणजे भातंब्रा. स्वयंपाकघर कमलनगर. मोरी उदगीर.

"माझ्या माहेराला मोरीत घातलं व्हय?" उमादेवी भडकली.

"शेवटचा स्टॉप हाय. सगळे तिथंच उतरतेत."

ती हसली आणि तो निघाला. निघताना स्वतःच "रायट!" म्हणायचा. पाय चुकून पिळावर पडायला लागला की ती ओट्यावरून गाडी थांबवल्यासारखी ओरडायची, "होल्डान!" पुढं पुढं गल्लीतली माणसं चहाचे कप घेऊन बघायला यायला लागली. ईरम्मानं तर अंगणातल्या त्या घरात एक स्टूल नेऊन ठेवलं, "तिथं तुमचं कपाट येणार की, मग?" वेडाची बातमी तिनं परत घेतली नव्हती, पण आता ती त्या वेडात सामील झाली होती.

दहाव्या दिवशी सोमशेखर हातात भरलेला कप घेऊन भालकीहून उदगीरला गेला आणि थेंब न सांडता परत आला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बाराव्या दिवशी तो उमादेवीला आपण होऊन म्हणाला, "तिथं सुधा कामावरून आली की चहा मी करतो. कमलनगर पाठ झालंय मला." उमादेवीनं स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं उगाचच दोनदा पुसली. इतकं सुख तिला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मग बांधाबांध. ज्वारीची कोठी ईरम्माला, पाळणा अंगणवाडीला. साड्यांचे पीळ शेवटच्या दिवशी सोडून, धुऊन, वाळवून पुन्हा गाठोड्यात. निघताना ईरम्मानं शेंगाचटणीचा डबा दिला आणि उमादेवीच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. "तिथं कोणाला वेडी म्हणू गं मी?" असं काहीतरी ती म्हणत होती. तिला हितं आणि तिथं यातला फरक त्या क्षणी राहिला नव्हता.

सामान रविकुमारच्या टेम्पोत चढलं. सुधारानीला सुट्टी मिळाली नव्हती, तिची पहिली पाळी होती, ती अडीचपर्यंत येणार होती. सकाळी नऊच्या सुमाराला टेम्पो कोळारच्या रस्त्याला घरासमोर थांबला. शिवशंकरप्पा पांढरे कपडे घालून गेटशी उभेच होते. ऊन स्वच्छ पडलं होतं. रविकुमारनं गॅस आणि गाद्या आधी आत नेऊन ठेवल्या. उमादेवीनं आत जाऊन ट्यूब लावली, दूध उतू घालायला मंद गॅसवर ठेवलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना बाजूला केलं. "कोणी मधे यायचं न्हाई. त्यांना एकट्यालाच येऊ द्या."

सोमशेखरनं उंबऱ्याला पाय लावून पाहिला, तो ओलांडला. शर्टाची कॉलर नीट केली. मग त्यानं मान थोडी इकडं, थोडी तिकडं वळवली, पूर्ण अंगानं उजवीकडं वळला, म्हणाला, "रायट," आणि चालायला लागला.

तिसऱ्या पावलाला तो भिंतीवर आदळला.

आवाज फार मोठा नव्हता. कपाळ लागलं, हात वर गेला. भिंतीवर त्याच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर ती नवी ट्यूब ढणाढणा जळत होती. तो मागं सरला, पुन्हा वळला, या वेळी कोपऱ्यातल्या गाद्यांच्या ढिगात अडखळला. उमादेवीच्या तोंडून "होल्डान" निघेना. रविकुमार खुर्ची डोक्यावर घेऊन तसाच उभा.

आणि मग शिवशंकरप्पांना राहवलं नाही. भला माणूस. "अयय्यो, इकडं नव्हं अण्णा, इकडं या, इकडं," म्हणत ते धावले, सोमशेखरचा दंड घट्ट धरला आणि त्याला बोळातून थेट मोरीच्या दारापर्यंत नेऊन उभं केलं. "ही बघा मोरी. काही लागलं तर हाक मारा, मी वरच हाय."

सोमशेखरनं हात झटकला नाही. तो हात तसाच लोंबत राहिला. ते बघून उमादेवीला भिंतीच्या त्या आवाजापेक्षा जास्त लागलं.

सामान उतरलं, टेम्पो गेला, शिवशंकरप्पा वर गेले. सोमशेखर गाद्यांच्या ढिगावर बसला होता. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. उमादेवीनं त्यावर हळद लावायला हात नेला, त्यानं मान फिरवली.

"गुरुशांतला फोन लाव. उद्याच्या गाडीनं येतो म्हण."

उमादेवी फोन घेऊन त्याच्यासमोर बसली. पण ती फोन लावत नव्हती, विचार करत होती. पावलं बरोबर होती, सुतळी बरोबर होती. भरला कप हातात घेऊन फिरणारा माणूस तिसऱ्या पावलाला भिंतीवर गेला कसा? आणि समजा, वळायला चुकला असेल, तरी डोक्यावर एवढी ट्यूब, डावीकडं पांढरीधोट चौकट. उजेड तर कळतो त्यांना.

तिनं फोन त्याच्या डाव्या डोळ्यापाशी धरला. "बॅटरी लावलीय फोनची. काय दिसायलंय?"

"उजेड," सोमशेखर म्हणाला. लगेच म्हणाला.

बॅटरी लावलेली नव्हती.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. उमादेवीनं फोन खाली ठेवला.

"कधीपासून?"

त्यानं कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

"मी विचारायले, कधीपासून काहीच दिसंना?"

"दोन वर्षं झाली असतील. संक्रांतीच्या सुमाराला गेलं ते बी."

"आणि मला कामून सांगितलं न्हाई?"

"तू चुना लावायचीस," सोमशेखर म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "स्टुलावर चढून, लुगडं खोवून, दिवसभर चुना लावायचीस आणि मग विचारायचीस, दिसायलंय का. न्हाई कसं म्हणू गं?"

उमादेवीला त्याचा राग आला. खरा राग आला, दोन वर्षांचा एकदम. चार दिवाळ्या-उगाद्या ती स्टुलावर चढली होती. आत्ता बिदरला येऊन इथल्या चौकटींना दोन दोन हात दिले होते. पण राग तोंडापर्यंत येईतो दुसरंच काही आलं. हा माणूस दोन वर्षं ठार अंधारात एकटा बसला होता, आणि तिला बरं वाटावं म्हणून रोज उजेड आहे म्हणत होता.

"मग भालकीला चालत कसे होतात?"

"घर पायाला पाठ होतं. आणि अंगणात उन्हावर. सकाळी सातचं ऊन उजव्या गालावर घ्यायचं, की नाकासमोर आठ पावलं. हितं बी तसंच केलं. दारात ऊन पाठीवर लागलं, म्हणून उजव्या गालावर येईपर्यंत वळलो."

उमादेवीनं कपाळावर हात मारून घेतला. "घर मी फिरवलं होतं हो. अंगण पुरंना म्हणून आडवं घातलं. सांगितलंच न्हाई मी."

"मी बी सांगितलं न्हाई," सोमशेखर म्हणाला. "फिटलं."

पण फिटलं असं त्याच्या आवाजावरून वाटत नव्हतं. त्याचा हात गादीवर फोन चाचपत होता.

स्वयंपाकघरात दूध केव्हाचं उतू जाऊन करपत होतं. उमादेवी उठली, गॅस बंद केला, आणि तिथंच उभी राहिली. बावीस वर्षं तिनं पोरांना आपल्या पायांवर आत आणलं, पण आत काय दिसतं हे तिला पोरांच्या बाबतीत माहीत होतं. नवऱ्याच्या बाबतीत तिला काहीच माहीत नव्हतं. ती तरातरा बाहेरच्या दाराशी गेली, पदर डोळ्यांवरून दोनदा गुंडाळून मागं गच्च गाठ मारली, आणि निघाली.

चार पावलं बरी गेली. पाचव्याला घर केवढं आहे ते कळेना. भिंत जवळ आली की लांब आहे, पुढं खड्डा आहे की काय, असं वाटायला लागलं. ती हात पुढं करून बोळात शिरली, आणि रविकुमारनं बोळात टाकलेल्या लोखंडी ट्रंकेवर तिची नडगी अशी बसली की ती ट्रंकेवरून पलीकडं भांड्यांच्या पोत्यावर पालथी पडली. सगळं घर खणाणलं.

"अव्वा गंऽऽ!"

"उमा?" सोमशेखर उठला. "उमा, काय झालं? कुठं हाईस?"

"हितं..."

तो आला. त्यानं पावलं मोजली नाहीत, ऊन बघितलं नाही, "रायट" म्हटलं नाही. हात पुढं करून, कपाटाला खांदा घासत, ट्रंकेला गुडघा लावून, ती ओलांडून तो आला आणि तिच्याजवळ खाली बसला. त्याच्या हातांनी आधी तिचे केस शोधले, मग कपाळ, आणि मग डोळ्यांवरचा पदर. बोटं त्या गाठीवर थांबली.

"हे काय गं?"

"बघायले."

"काय?"

"तुम्हाला कसं दिसतंय ते."

"मग?"

"काळंकुट्ट हाय हो सगळं," उमादेवी म्हणाली, आणि आवाज कोरडा ठेवायची तिची इतक्या वर्षांची सवय त्या भांड्यांच्या पोत्यावर संपली. ती मोठ्यानं, लहान पोरासारखी रडली. रडायचं नाही असं ठरलेलं असूनही सोमशेखरनं तिला अडवलं नाही. तो तिची नडगी चोळत राहिला आणि नवऱ्यांना अशा वेळी दुसरं काही येत नाही, तसं "जास्त लागलं का, जास्त लागलं का" एवढंच म्हणत राहिला.

वर शिवशंकरप्पांच्या जिन्यावर पावलं वाजली. "अक्का, काही पडलं का? येऊ का खाली?"

"नको, नको!" दोघंही एकदम ओरडली.

पावलं परत गेली. सोमशेखर तसाच बसून होता. मग त्यानं आपला हात तिच्यापुढं केला, तळवा वर करून.

"सुधा अडीचला येईल. तोवर मला घर दाखव. हाताला धरून दाखव, पुन्हा पुन्हा दाखव. पाठ व्हायला लागतील तेवढे दिवस."

"तुमची अट होती की."

"ती परक्यानं हात धरायची होती," सोमशेखर म्हणाला. "तू धर."

उमादेवीनं पदराची गाठ सोडली, नाक पुसलं, आणि त्याचा हात धरला. लग्न लावताना स्वामींनी हातात हात दिला होता, त्यानंतर एकतीस वर्षांत दिवसाउजेडी तिनं तो कधी धरला नव्हता. हात चांगलाच उबदार होता. ती दोघं उठली आणि आधी मोरीकडं गेली.